‘पडीक’ जमीन कोणाची?

आपल्या समाजाची आडनावे म्हणजे जुन्या कुलाबा जिल्ह्याचा नकाशाच होय. किहीमकर, झिराडकर, पेणकर, रोहेकर, अष्टमकर, नवगावकर. गाव सुटून दोन-तीन पिढ्या झाल्या, कित्येकांनी ते गाव डोळ्यांनी पाहिलेलेही नाही. तरी लोद, अश्दोद, दिमोना येथील घरांच्या दारांवर ही नावे आजही वाचावयास मिळतात. काहींनी हिब्रू नावे घेतली हे खरे, पण घरातील वडीलधाऱ्यांस विचारले की ‘कर’ लागलेले जुने नाव निघतेच. जमीन गेली, वहिवाट गेली, नाव मात्र राहिले. तेव्हा माणसाचे जमिनीशी असलेले नाते कागदाने ठरते की वहिवाटीने, हा प्रश्न आपणांस परका वाटण्याचे कारण नाही. या वेळी तो कतार या देशाच्या निमित्ताने वाचकांपुढे मांडण्याचा विचार आहे. कतारविषयी आपल्या देशात आज कोणत्या भावना आहेत, हे मी जाणतो. तो विषय या लेखाचा नव्हे; हा लेख भाकरीविषयी आणि जमिनीविषयी आहे.

रायगड व रत्नागिरी हे दोन जिल्हे एकत्र केले तर त्याहूनही कतार लहान भरेल. वर्षाचा पाऊस इतका थोडा की, आपल्या अलिबागेस जुलैतील एखाद्या मुसळधार दिवशी तेवढा सहज पडावा. नदी नाही, तळे नाही. सखल खळग्यांत वाऱ्यापाण्याने थोडी माती साचते, तेवढीच काय ती पिकाऊ. या देशाचे आजोबा-पणजोबा उंट-मेंढ्या पाळीत किंवा समुद्रात बुड्या मारून मोती काढीत, आणि त्या मोत्यांची पेठ होती आपली मुंबई! 1966 पर्यंत कतारच्या बाजारात भारतीय रुपयाच चालत असे. जपानी संवर्धित मोत्यांनी आणि 1930 च्या सुमारास आलेल्या जागतिक मंदीने तो धंदा बुडाला व लोक उपाशी राहिले. पुढे दुखान येथे तेल लागले. 1949 पासून ते परदेशी जाऊ लागले. 1971 मध्ये समुद्राखाली नैसर्गिक वायूचा प्रचंड साठा सापडला आणि उपाशी देश धनाढ्य झाला. तथापि पैसा शिजवून खाता येत नाही. आजही कतारच्या ताटातील बहुतेक अन्न बाहेरूनच येते.

2008 साली ही गोष्ट त्या देशाच्या चांगलीच ध्यानात आली. जगात धान्याचे भाव भडकले, तांदळाची किंमत काही महिन्यांत दुपटीहून अधिक झाली. आपल्या जुन्या देशाने, भारताने, स्वतःच्या जनतेस आधी मिळावे म्हणून बिगरबासमती तांदळाची निर्यात बंद केली. त्यात भारताचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. परंतु तिजोरी भरलेली असून दुकानात तांदूळ मिळेल की नाही, ही चिंता दोह्याच्या राज्यकर्त्यांना प्रथमच पडली. त्याच वर्षी त्यांनी सरकारी भांडवलावर ‘हसाद फूड’ नावाची कंपनी स्थापन केली. दुसऱ्या देशांत शेती करावी व अन्नाची निश्चिती करावी, हा तिचा हेतू होता. हेतू वाईट म्हणता येणार नाही. ज्याच्या घरी दाणा पिकत नाही त्याने दाण्याची काळजी वाहिली, तर त्यास दोष कोण देईल?

आता केनियाकडे वळू. 2008 च्या अखेरीस केनियाचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष म्वाई किबाकी कतारला जाऊन आले आणि त्यानंतर बातमी फुटली ती अशी : केनियाला हिंदी महासागराच्या किनाऱ्यावर लामू येथे मोठे बंदर बांधावयाचे आहे, त्यासाठी कतारने पैसा द्यावा, मोबदल्यात केनियाने ताना नदीच्या मुखाशी 40,000 हेक्टर, म्हणजे जवळजवळ एक लाख एकर, जमीन कतारला फळे-भाजीपाला पिकविण्यासाठी भाडेपट्ट्याने द्यावी. हा सारा त्रिभुज प्रदेश सुमारे 1,300 चौरस किलोमीटरांचा. त्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा एका भेटीत बोलणीवर आला. आणि योगायोग पाहा, पुढच्याच महिन्यात, जानेवारी 2009 मध्ये, किबाकींनी आपल्याच देशातील अन्नटंचाई ही राष्ट्रीय आपत्ती असल्याचे जाहीर केले. सुमारे एक कोटी केनियन जनतेस अन्नाची मदत हवी होती.

ही जमीन पडीक आहे, असे सरकारी माणसे म्हणत. ती कशी ‘पडीक’ होती ते पाहावे. ताना ही केनियातील सर्वांत लांब नदी. वर्षातून दोनदा तिला पूर येतो व मुखाजवळचा प्रदेश पाण्याखाली जातो. पाणी ओसरू लागले की काठचे पोकोमो शेतकरी त्या ओल्या गाळात भात लावतात, उंचवट्यावर मका, केळी, आंबे. कोरडा ऋतू आला, दूरवरचे माळ करपले, की ओर्मा गुराखी हजारो गुरे घेऊन त्याच प्रदेशात उतरतात, कारण चारा व पाणी तेवढेच उरलेले असते. गुरांनी नदीपर्यंत जावयाच्या वाटा ठरलेल्या आहेत. त्यांना ‘मल्का’ म्हणतात. कोणत्या महिन्यात कोणी कोठून जावे, उभ्या पिकात गुरे शिरली तर वडीलधाऱ्यांनी निवाडा कसा करावा, हे सारे ठरलेले. कोठे लिहिलेले मात्र नाही. मुंबईहून मे महिन्यात कोकणात उतरलेल्या माणसाला खाचरे पाहून वाटावे की येथे काहीच पिकत नाही, तसाच हा प्रकार. त्या माणसाने जुलैत यावे!

कायद्याने ही जमीन रहिवाशांच्या वतीने विश्वस्त म्हणून स्थानिक परिषदेच्या हाती होती, काही भाग एका सरकारी विकास प्राधिकरणाच्या नावे होता. पोकोमोच्या नावे उतारा नाही, ओर्माच्या नावे तर नाहीच नाही. त्याच सुमारास याच प्रदेशात 20,000 हेक्टरांवर ऊस लावण्याची एक वेगळी योजनाही मंजुरीस आली होती; तिच्याविरुद्ध लोक न्यायालयात गेले होते. पूर्वी जपानी मदतीने तेथे भाताची मोठी सरकारी शेती उभारली होती, ती 1997-98 च्या महापुराने मोडून टाकली. नदीने आपले मत त्या वेळीच दिले होते, पण नदीचे मत कोण विचारतो?

कतारचा करार पुढे पूर्ण झाला नाही. विरोध झाला, बोलणी थंडावली, लामू बंदराचे काम 2012 मध्ये वेगळ्या योजनेखाली सुरू झाले. तेव्हा झाले गेले, असे कोणी म्हणेल. परंतु माझ्या मते झाले गेले असे नाही. ज्या जमिनीवर एकामागून एक ऊसवाले, तेलबियावाले, धान्यवाले बोट ठेवू लागतात, त्या जमिनीवर राहणारे एकमेकांकडे संशयाने पाहू लागतात. उद्या मोजणी झाली तर आपला हिस्सा किती, ही भीती घरात शिरते. 2012 च्या ऑगस्टपासून पुढील काही महिन्यांत पोकोमो व ओर्मा यांच्यात दंगली होऊन शंभराहून अधिक माणसे मारली गेली, त्यांत बायका-मुलेही होती. त्याची कारणे अनेक सांगितली जातात : निवडणुकीचे राजकारण, बंदुकांचा सुळसुळाट, दुष्काळ. सारा दोष कतारच्या किंवा ऊसवाल्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पण ज्या वाटा ठरलेल्या होत्या त्या अडू लागल्या होत्या, हेही खरे. 2013 मध्ये केनियाच्या उच्च न्यायालयाने या प्रदेशाच्या जमीनवापराचा आराखडा रहिवाशांना सहभागी करून तयार करण्यास सांगितले, आणि 2016 मध्ये सामुदायिक जमिनीचा कायदा झाला. मढे उचलल्यानंतर वैद्य आला.

येथे मला स्वतःच्या घरची एक गोष्ट सांगावी लागते. ती सांगितल्याशिवाय किबाकींवर लिहिण्याचा अधिकार मला पोहोचत नाही.

आमच्या आजोबांचा अलिबाग तालुक्यात तेलाचा घाणा होता आणि थोडी भातशेती. शेताच्या वरच्या अंगाला ओढ्यापर्यंत खडकाळ वरकस होती. सातबाऱ्यात ती ‘पोटखराब’ म्हणून लिहिलेली. त्या पोटखराबावर आठ-दहा कुडाच्या झोपड्यांची कातकऱ्यांची वाडी होती. कधीपासून होती ते आजोबांनाही ठाऊक नव्हते. ते सरपण आणून देत, लावणी-कापणीस येत, ओढ्यात खेकडे धरीत, उन्हाळ्यात वीटभट्टीवर जात. भाडे कोणी मागितले नाही, कोणी दिले नाही. 1968 साली आम्ही इस्राएलला यावयाचे ठरले, तेव्हा वडिलांनी सारी जमीन मुंबईच्या एका गृहस्थास विकली. त्यांच्या नावे दुसरीकडे शेती होती, म्हणून कायद्याची अडचण आली नाही. मी तेव्हा सोळा वर्षांचा होतो. कचेरीत खरेदीखत वाचून दाखविले गेले ते मी ऐकले आहे. चतुःसीमा लिहिल्या होत्या, विहीर लिहिली होती, आंब्याची झाडे मोजून लिहिली होती. वाडी लिहिली नव्हती. वडील अत्यंत सरळ मनाचे होते. त्यांनी कोणास फसविले नाही. त्यांच्या मनात वाडीचा विचार आलाच नाही, एवढेच.

2010 साली मी गावी गेलो. शेताला दगडी कुंपण, आत कलमी आंब्यांची व नारळांची बाग, मध्ये बंगला. वाडी उठून सडकेच्या कडेला, गटाराच्या पलीकडे आली होती. एका म्हातारीने मला बरोबर ओळखले. “तेल्यांचा ना तू?” म्हणाली. मी वाडीचे विचारले. ती रागावली नाही. “शेटनी तरी ‘उठा’ म्हणून सांगितला,” ती म्हणाली, “तुमी तं काय न सांगताच गेलात.”

त्या वाक्याला माझ्यापाशी अद्याप उत्तर नाही. ती बाग लावणारा गृहस्थ काही राक्षस नव्हता. त्याने पैसे मोजून जमीन घेतली. कर्जत, खालापूर, अलिबाग या भागांत पुढे असे शेकडो बंगले व बागा झाल्या, सागवान लागवडीच्या योजनाही निघाल्या, आणि प्रत्येक ठिकाणी पोटखराबावर कोणी ना कोणी राहत होते. मोठ्या प्रमाणावर तेच ताना नदीकाठी होऊ घातले होते. घेणाऱ्याच्या हाती कागद, देणाऱ्याच्या हाती कागद, आणि राहणारा कागदाबाहेर.

कतारचे वर्तन कागद असलेल्या ठिकाणी कसे होते, हेही पाहण्याजोगे आहे. याच हसाद कंपनीने 2009 नंतर ऑस्ट्रेलियात मेंढ्या व गहू यांसाठी लाखो हेक्टर जमीन घेतली. तेथे ती पंतप्रधानांकडे मागावयास गेली नाही. एकेका शेतमालकाशी बोलून, बाजारभावाने खरेदी केली. मालकाला नको असेल तर तो नाही म्हणू शकत होता. म्हणजे एकाच खरेदीदाराची दोन रूपे : कागदवाल्याशी सौदा, बिनकागदवाल्याविषयी त्याच्या सरकारशी वाटाघाट. अर्थात ऑस्ट्रेलियाचा तो स्वच्छ कागदही कोठून आला? गोऱ्यांनी तेथे पाऊल ठेवले तेव्हा ही भूमी कोणाचीच नाही असे मानून ती वाटली गेली. ते मानणे खोटे होते, हे म्हणावयास तेथील सर्वोच्च न्यायपीठाला 1992 साल उजाडावे लागले. टोरेस सामुद्रधुनीतील एका बेटावरचे एडी माबो यांनी तो खटला लढविला व निकालाच्या काही महिने आधी त्यांचा मृत्यू झाला. आपल्या बेर-शेवा, दिमोना येथील वाचकांना वहिवाट श्रेष्ठ की नोंद श्रेष्ठ, हा वाद दूरचा वाटणार नाही. आसपासच्या बदावी वस्त्यांच्या बाबतीत तो आपल्या न्यायालयांतही चालत आला आहे. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे, आणि कोणीतरी तो लिहावा.

“मग काय देशांनी विकास करूच नये? बंदरे बांधू नयेत?” असा प्रश्न आमच्या एका स्नेह्याने मला केला. बंदर बांधावे. पण विचारावे. विचारणे अशक्य असते असे म्हणणाऱ्यांनी आपल्याच कुलाबा जिल्ह्याकडे पाहावे. आता त्यास रायगड म्हणतात. पेण, उरण, पनवेल या तालुक्यांत खाजगी भांडवलाचे विशाल आर्थिक क्षेत्र, ज्यास महामुंबई सेझ म्हणत, उभारण्यासाठी जमिनी घेण्याचे ठरले होते. शेतकऱ्यांनी प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारख्यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन केले, आणि 21 सप्टेंबर 2008 रोजी पेण तालुक्यातील हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रात येणाऱ्या 22 गावांत सरकारनेच शेतकऱ्यांचे मत घेतले. जमीन द्यावयाची की नाही, एवढाच प्रश्न. मतदान करणाऱ्यांपैकी बहुसंख्यांनी नकार दिला. 2009 मध्ये भूसंपादनाची मुदत सरली व तो प्रकल्प बारगळला. तारखा जुळवून पाहाव्या : पेणच्या शेतकऱ्याला विचारले गेले सप्टेंबरात, तानाकाठच्या शेतकऱ्याला न विचारता जमीन बोलणीवर चढली त्यानंतर दोन-तीन महिन्यांत.

पेणचे शेतकरी एकाएकी बोलके झाले नव्हते. त्याच मातीत 1933 साली चरी गावातून कुळांनी खोतांविरुद्ध संप पुकारला आणि नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखाली सहा वर्षे शेते नांगरली नाहीत. उपास काढले, लाकूडफाटा विकला, पण खोताच्या शेतात पाय ठेवला नाही. 1937 साली डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले; कायदा व्हावयास 1949 उजाडले. आपल्या आजोबांच्या पिढीने हा संप शेजारून पाहिला आहे. कूळ म्हणून ज्याचे नाव सातबाऱ्यावर चढले, त्याच्या नातवाला 2008 साली मत विचारावे लागले. कातकऱ्याचे नाव मात्र त्या संपातही कोणी लिहिले नाही. त्याची दळीची जमीन, म्हणजे डोंगरउतारावरील फिरत्या नाचणी-वरीची, जंगलखात्याच्या हद्दीत गेली, आणि तिच्यावरचा हक्क मागण्यास त्याला 2006 च्या वनहक्क कायद्यापर्यंत थांबावे लागले.

अहाब राजा व नाबोथ यांची कथा आपणां सर्वांस पाठ आहे. एक गोष्ट मात्र पुष्कळांच्या लक्षात राहत नाही : अहाबाला तो द्राक्षमळा कशासाठी हवा होता? भाजीचा मळा करण्यासाठी. राजवाड्याजवळ ताजी भाजी असावी, इतकाच हेतू. शिवाय त्याने मोबदलाही देऊ केला, याहून चांगला मळा किंवा रोख रक्कम. आजच्या भाषेत पुनर्वसनाचे उत्तम पॅकेज. नाबोथाने वाडवडिलांचे वतन म्हणून नकार दिला. त्यानंतर जे घडले ते तलवारीने नव्हे, तर राजाच्या शिक्क्याच्या पत्रांनी घडले. आणि तरी नाबोथ एका अर्थी सुदैवी म्हणावयाचा : त्याला निदान आधी विचारले गेले.

कतारची निकड कृत्रिम नाही, हे पुन्हा सांगतो. जून 2017 मध्ये सौदी अरेबियादी शेजाऱ्यांनी त्याच्या सीमा बंद केल्या, तेव्हा अबू सामरा नाक्यावरून येणारे दूध एका दिवसात थांबले. मग ‘बलदना’ या कंपनीने विमानांतून गाई आणल्या आणि वाळवंटात थंड केलेल्या गोठ्यांत दुधाचा धंदा उभा केला. त्या वेळी अनेकांनी त्याची थट्टा केली. मला त्यात थट्टेसारखे काही दिसले नाही. शेजाऱ्यांनी दारे लावून घेतली म्हणजे काय होते, हे आपल्या लोकांना कोणी समजावून सांगावयास नको. त्या प्रयोगात कोणाची जमीनही गेली नाही.

परंतु त्याच बलदनाने एप्रिल 2024 मध्ये अल्जीरियाशी करार केला आहे : दक्षिणेकडील अद्रार प्रांतात 1,17,000 हेक्टरांवर चारा, धान्य, गाई व दुधाच्या भुकटीचा कारखाना, साडेतीन अब्ज डॉलरांचा प्रकल्प, 49 टक्के हिस्सा अल्जीरियन शासनाचा. दूध अल्जीरियाच्याच लोकांसाठी, हा तानाहून मोठा फरक आहे व तो मान्य केला पाहिजे. जमीन वाळवंटाची, कागदावर येथेही ती पडीकच असणार. पण अद्रार हा तुआतच्या मरूद्यानांचा प्रदेश आहे. तेथे शेकडो वर्षांपासून जमिनीखालून खणत नेलेल्या ‘फोग्गारा’ नावाच्या पाटांनी खोल पाणी उताराने खजुरीच्या बागांपर्यंत येते, आणि भोके पाडलेल्या तांब्याच्या पत्र्याने ते मोजून घराघराला वाटून देणारा माणूस असतो. आपल्याकडचा पाटकरी म्हणावा तसा. पाण्याचे हिस्से वारसाहक्काने चालत येतात. 2018 साली युनेस्कोने या मोजणाऱ्यांची विद्या तातडीने जपावयाच्या वारशांत नोंदविली, कारण ती नाहीशी होत आहे. विजेचे पंप खोल विहिरींवर बसले की वरच्या अंगाचे फोग्गारे आटतात, हा तेथील अनुभव जुना आहे.

लाख हेक्टरांवरील चाऱ्याला पाणी लागेल, व ते खालूनच येईल. करारपत्रात गाईंची संख्या असेल, भुकटीची टनांत मोजदाद असेल, चतुःसीमा असतील. त्या पाटकऱ्याला कोणी विचारले की नाही, आणि विचारले असल्यास तो काय म्हणाला, एवढेच मला वाचावयाचे आहे.